झेंडूच्या रंगाची पाठ

आमच्या वर्धेत हिवाळा उत्तरेकडून येत नाही, ट्रॅक्टरमध्ये बसून येतो. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तेवढ्यात खेड्याखेड्यांतून कापसाच्या ट्रॉल्या शहरात घुसतात. ट्रॉली अशी गच्च, की पुढचा ट्रॅक्टर दिसत नाही. एक ढगच हॉर्न वाजवत, धूर सोडत सरकी काढायला जिनिंगकडे चालला आहे असं वाटतं. त्या ढगातून पुंजके सुटतात आणि कडुलिंबाच्या फांद्यांना, विजेच्या तारांना, गाईच्या शिंगांना चिकटतात. मी सकाळी सिंदी मेघेतून सायकलवर निघतो तेव्हा माझ्या मिशा काळ्या असतात. नालवाडीच्या बाजूला ऑफिसात पोचतो तेव्हा मी म्हातारा झालेला असतो. एकदा तर चौकीदारानं मला आतच सोडलं नाही. म्हणाला, पेन्शनवाल्यांची रांग पलीकडे. हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेवर आमच्या गल्लीत कुणी विश्वास ठेवत नाही, ती गोष्ट वेगळी.

यंदाही ट्रॉल्या आल्या. परवा पहिला पुंजका उडत उडत माझ्या हँडलवर येऊन बसला आणि मी कारण नसताना ब्रेक दाबला. मागचा स्कूटरवाला माझ्या खानदानाचा उद्धार करून गेला. मी मागं वळून पाहिलं नाही. सायकल चालवताना मान वळवायची नाही, ही सवय मला एका हिवाळ्यानं लावली आणि ती अजून मानेतून उतरलेली नाही.

पुण्या-मुंबईचे वाचक हसतील. म्हणतील, वर्धा ते केवढं, तिथं कसली आली सकाळची गर्दी? त्यांनी एकदा ऑफिसच्या वेळेला आमच्या बसस्टँडजवळच्या चौकात सायकल घेऊन उभं राहावं. एका ऑटोत शाळेची इतकी पोरं, की मोजता मोजता माझी गणती संपते आणि पोरं उरतात. स्कूटीवर तिघी-तिघी कॉलेजच्या पोट्ट्या, तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे उघडे आणि तेही मोबाइलात. रस्ता सिमेंटचा करतात, आणि तो वाळायच्या आत नळवाले येऊन त्याचं पोट फाडतात. शिवाय मधोमध बसलेली गाय. माझी वरात त्याच चौकातून गेली तेव्हाही ती तिथंच बसली होती, घोड्याला वळसा घालावा लागला. आता माझा मुलगा लग्नाचा झाला. गाय काही उठलेली नाही.

या सगळ्यातून त्या हिवाळ्यात मी वसंताला नेत होतो. तो त्याच्या सायकलवर, मी माझ्या. मी पुढं, तो मागं.

वसंता माझा मित्र, राहायला बोरगाव मेघेत. आम्ही एकाच सरकारी ऑफिसात लागलो आणि एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर म्हातारे होत गेलो. माझं घराणं किराणा दुकानवाल्यांचं. गल्ल्यावर बसायला थोरला भाऊ होता, आणि मी गिऱ्हाइकाला तांदूळ कमी अन् गोष्टी जास्त देतो म्हणून बापानं मला नोकरीकडे हाकललं. वसंताचे वडील शेतमजूर. त्या घरात टेबलाशी बसून पगार घेणारा पहिला माणूस वसंता. पहिल्या पगारात त्यानं काळी, उंच, पुरुषभर सायकल घेतली. तिच्यावर बसून तो पहिल्यांदा ऑफिसला निघाला तेव्हा त्याची माय दारात उभी राहून घंटी ऐकत होती. घंटी ऐकू येईना झाली तरी ती उभीच होती, असं तो सांगायचा. नंतर लोकांनी मोटारसायकली घेतल्या, कारही घेतल्या. यानं सायकल सोडली नाही.

त्याला लहानपणापासून रात्री दिसायचं नाही. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही, गावात तसे आणखी दोघं-तिघं होते. पण चाळिशी उलटल्यावर दिवसाउजेडीही कडेचं जग गळायला लागलं. समोरचं लख्ख, कडेचं गायब. फाइलीवर चालणारी मुंगी त्याला दिसायची आणि टेबलाच्या बाजूला उभे असलेले साहेब दिसायचे नाहीत. नवे साहेब आले त्या दिवशी त्यांनी वसंतापुढं हात केला. हात जरा कडेला होता. वसंता आपला साहेबांच्या नाकाकडे बघून नम्रपणे हसत राहिला, आणि साहेबांचा हात हवेत वाळत राहिला. 'माज बघा!' असं साहेब पुटपुटले, तसा मी टेबलावरून उडी मारली आणि तो हात मीच धरून हलवला. इतका हलवला, की साहेबांचं घड्याळ त्या दिवसापासून मागं पडतं.

नागपूरच्या डॉक्टरनं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. उपाय नाही, म्हणाला. बाहेर येऊन जिना उतरताना वसंतानं त्याचं भाषांतर केलं. "पाइप आहे बे, मध्या. पाइपातून पाहून राह्यलो मी. अन् हा पाइप आता बारीक होत जाईन."

डॉक्टरनं सांगितलं होतं, सायकल बंद. वसंतानं घरी येऊन बायकोला सांगितलं, एकट्यानं बंद. मी शेजारीच बसलो होतो. इतकं सुबक खोटं मला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. खरं सांगायचं तर हेवा वाटला.

"ऑटो लाव ना बे," मी त्याला नंतर म्हटलं. "दोघं संगंच जात जाऊ."

"ऑटोत बसलो का मी सामान होतो, मध्या," तो म्हणाला. "चढवा, उतरवा, धक्का लागू देऊ नका. सायकलवर आहो तोवर माणूस आहो."

मी त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरून दिली.

मग आमची पद्धत ठरली. माझ्या बायकोनं मला एक स्वेटर विणून दिला होता, झेंडूच्या रंगाचा. रंग असा, की दिवाळीच्या बाजारातून जाताना एका बाईनं मला किलोचा भाव विचारला होता, आणि मधमाश्या तर जानेवारीभर माझ्या मागं. हा स्वेटर वसंताच्या पाइपात बरोबर बसायचा. मी पुढं चालायचं, त्यानं त्या पाठीवर नजर ठेवून मागं यायचं. कडेला जे काही असेल ते मी तोंडानं मागं फेकायचं. त्यानं उत्तर द्यायचं ते घंटीनं. एक टिंग म्हणजे 'आहो मागं'. दोन म्हणजे 'पुरे कर, हसून हसून पडतो'. आणि मी मान वळवायची नाही, कारण मान वळली की खांदा फिरतो, खांदा फिरला की स्वेटर पाइपाबाहेर जातो.

"डावीकडून दूधवाला येऊन राह्यला रे! कॅनात आख्खी म्हैस बसवून आणली त्यानं!"

टिंग.

"पुढं खड्डा! त्यात एक पोट्टा पोहून राह्यला, जरा उजवीकडून घे, शिंतोडे उडतीन!"

टिंग, टिंग.

"ऑटो! ऑटो! यात वरात भरून आहे, नवरदेव टपावर!"

टिंग.

रस्त्यानं लोक थांबून बघायचे. औषधाच्या दुकानाचं शटर वर करणारा एक जण रोज विचारी, "काऊन काका, सकाळी सकाळी कोणासंग भांडून राह्यले?" मी म्हणे, "नशिबासंग. तू गोळी दे एखादी." तो हसे. मागून दोन टिंग.

गंमत वाटेल, पण त्या हिवाळ्यात मला माझ्या थापांचा उपयोग पहिल्यांदा कळला. कडेच्या वस्तूंना वसंताच्या डोळ्यांतून आत जायला वाट नव्हती. कानातून घालायच्या तर साध्या वस्तू तिथवर टिकत नाहीत. हॉर्नच्या गोंगाटात 'डावीकडे सायकल' हे शब्द गळून पडतात. म्हैस बसलेला कॅन मात्र पोचतो. टपावरचा नवरदेव पोचतो. मी वर्धा शहर जेवढं मोठं करून सांगीन, तेवढं ते त्याच्यासाठी शिल्लक राही. त्यामुळे त्या दिवसांत मी शहराला इतकं फुगवलं, की दोन-चार नद्या, एक किल्ला आणि एक समुद्र मिळाला असता तरी मी नाही म्हटलं नसतं.

पण पाइप बारीक होतच होता, आणि त्याला आम्ही दोघंही थाप मारू शकत नव्हतो.

वसंता मला रोज हिशेब द्यायचा. ऑफिसात पोचून सायकली स्टँडवर लावल्या की रुमालानं तोंड पुसत म्हणायचा, "दिवाळीत तू हँडलसकट होता. आता बाह्या गेल्या." मग एक दिवस, "काल कॉलर होती. आज नाई." मी हसण्यावारी न्यायचो. "मग राह्यलं काय बे माहं?"

"मधला गोळा राह्यला. तिथं तुह्या बायकोनं एक टाका सोडला आहे. तो मात्र साफ दिसते."

मी घरी जाऊन स्वेटर काढून पाहिला. खरंच होता सुटलेला टाका. बायकोला दाखवला तर ती माझ्यावर चिडली, की माझ्या विणकामातली खोट शोधायला तुम्हाला दुसरा कुणी मिळाला नाही का.

आणखी एक त्रांगडं होतं. मी जवळ राहिलो तर त्या पाइपात माझा हातभर तुकडा मावे. लांब गेलो तर मी आख्खा मावे, पण मग आमच्या दोघांमध्ये ऑटो घुसे, स्कूटी घुसे, कापसाची ट्रॉली घुसे आणि मी नाहीसा होई. जवळ म्हणजे तुकडा, लांब म्हणजे धोका. सगळा हिवाळा आम्ही ते मधलं अंतर शोधत होतो. रोज थोडं हलवायचो. रोज ते अंतर आणखी अवघड होई. कधीकधी मला वाटतं, माणसामाणसांत असंच काही असतं. पण मी विचारवंत नाही, किराणेवाल्याचा पोरगा आहे, म्हणून इथंच थांबतो.

"तुई पाठ पाहून पाहून कंटाळा आला बे," तो एकदा पुलाच्या चढावर धापा टाकत म्हणाला. "एवढ्या मोठ्या दुनियेतून मले हेच उरलं काय?"

मी म्हटलं, "माही बायको तोंड पाहून कंटाळली. तुह्याहून तिचे हाल जास्त आहेत."

दोन टिंग आले. पण उशिरा आले.

शोभा वहिनी, म्हणजे वसंताची बायको, रोज फाटकाशी उभ्या राहायच्या. रोज एकच वाक्य. "जयभीम भाऊजी. यायले सांभाळून नेजो." एकदा वसंता आत डबा घ्यायला गेला, तशा त्या दोन पावलं पुढं आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "किती दिसते हो यायले? मले म्हणते, सगळं दिसते. तुमी खरं सांगा."

"वहिनी," मी पाठ फिरवून उभा राहिलो. "या स्वेटरात एक टाका सुटला आहे. सापडवा बरं."

त्या वाकून शोधत राहिल्या. सापडला नाही.

"तुमच्या नवऱ्याले सापडला," मी म्हटलं. "चालत्या सायकलवरून."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला खाली बघावं लागलं. सांगितलं ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. जन्मभर थापा मारल्या, पण त्या एका खऱ्या गोष्टीनं मी कुणाला जेवढं फसवलं तेवढं कोणत्याच थापेनं नाही.

पौषातली ती सकाळ. धुकं म्हणजे काय धुकं! दूधवाल्यानं एकाच घरी तीनदा दूध घातलं. कोंबडे आरवले आणि पुन्हा झोपले. माझ्या सायकलचं पुढचं चाक मला दिसत नव्हतं. घरून आणलं की नाही, हे मी वाकून हात लावून पाहिलं. त्या धुक्यात वर कापसाचे पुंजके तरंगत होते, पांढऱ्यात पांढरे. तोंड उघडावं तर जिभेवर धुकं बसतं की कापूस, ते कळू नये.

वहिनी म्हणाल्या, आज राहू द्या. वसंता म्हणाला, धुकं आहे, सगळ्यांलेच कमी दिसते, आज तर मी बरोबरीत आहो. आणि निघाला.

त्या दिवशी मी आवाज चढवून बोलत होतो. पुलापर्यंत घंटी येत होती. पुलाच्या उतारावर आली. चौकात शिरताना मी ओरडलो, "गाय बसली आहे रे, उजवीकडून घे!"

घंटी नाही.

"अबे, वाजव ना!"

नाही.

मी मान वळवली. सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदा.

वसंता चौकाच्या ऐन मधोमध उभा होता. एक पाय जमिनीवर, दोन्ही हात ब्रेकवर आवळलेले, तोंड सरळ समोर. त्याच्या दोन्ही बाजूंनी ऑटो, बस, स्कूट्या हॉर्न वाजवत वाहत होत्या, आणि एक ऑटोवाला ओरडून गेला, "काका, मरायचं आहे काय? मंग बाजूले होऊन मरा!" वसंताच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. कुणी हाक मारील म्हणून थांबलेल्या माणसासारखा तो उभा होता.

मी सायकल टाकली आणि धावलो.

"घंटी काऊन नाई वाजवली बे?"

"कोणीकडं वाजवू?" तो म्हणाला. "तुई पाठ गेली."

"धुकं आहे ना, वसंता! मलेच माहं चाक दिसून नाई राह्यलं."

"हाव?" त्यानं माझा दंड धरला. "धुकंच ना?"

"नाई तं काय! बस जरा. उतरू दे, मंग जाऊ."

चौकाच्या कोपऱ्यावर तर्री-पोह्याचा ठेला आहे. तिथली तर्री इतकी झणझणीत, की तिचा थेंब सांडला तिथं सिमेंट रस्त्याला भोक पडलं आणि दोष उगाच नळवाल्यांवर गेला. आम्ही बाकावर बसलो. वसंता ताटलीत चमच्यानं चाचपून पोहे शोधत होता. मी बोलत होतो. काय बोलत होतो, आठवत नाही, बहुतेक सगळं.

आणि धुकं उतरलं.

आधी बँकेची पाटी आली. मग तारा, तारांवरचे पुंजके, प्रत्येक पुंजका सुटा. मग गाय. मग गाईच्या कानावरची माशी. सगळं शहर कुणी धुऊन वाळत घालावं तसं लख्ख झालं. इतकी स्वच्छ वर्धा मी जन्मात पाहिली नव्हती, आणि तिचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

"गेलं काय रे धुकं?" वसंतानं विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "उलट वाढलं. पोहेवालाच दिसून नाई राह्यला, नुसता झारा दिसते."

पोहेवाल्यानं कढईवरून मान वर केली. त्याच्या कपाळावर ऊन चकाकत होतं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वसंताच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हाव जी," तो म्हणाला. "मलेबी गिऱ्हाईक दिसून नाई राह्यले. पैसे मागू कोणाले?"

वसंता हसला. चांगला मोकळा हसला. मग हसता हसता थांबला, आणि त्यानं तोंड हळूच वर केलं. आधी एक गाल फिरवला, मग दुसरा. दाढी नीट झाली की नाही हे न्हाव्याच्या आरशात बघतात, तसा.

"मध्या," तो म्हणाला, "ऊन लागून राह्यलं बे तोंडाले."

मी जन्मभर थापा मारल्या. लग्नात मारल्या, मयतीत मारल्या, साहेबांपुढं मारल्या, देवापुढंही मारल्या असतील. त्या क्षणी मला एकच थाप हवी होती. दाट धुक्यातून ऊन कसं लागतं याची. एक साधी, बारकी, पोरकट थापही चालली असती. सुचली नाही.

"काळं असन असं वाटलं होतं मले," वसंता म्हणाला. "पांढरं आहे. सगळं पांढरंच. पाइपात कापूस कोंबल्यावानी."

पोहेवाल्यानं आमच्या ताटल्या उचलल्या नाहीत. आम्ही बराच वेळ तिथं होतो. ऑफिसची गर्दी ओसरली, चौक रिकामा झाला. मग आम्ही सायकली हातात धरून परत फिरलो. एका हातानं तो त्याचं हँडल धरून होता, दुसरा हात माझ्या कॅरिअरवर. सायकल त्यानं मला ढकलू दिली नाही.

बोरगावच्या वळणावर म्हणाला, "शोभाले आज नको सांगजो. पंक्चर झाली म्हण."

मी सांगितलं, वहिनी, पंक्चर झाली. वहिनींनी त्याच्या सायकलकडे पाहिलं. दोन्ही टायर टणक होते. त्या टायरांकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाशी नेला आणि आत निघून गेल्या. वसंता अंगणात उभा राहून म्हणाला, "गेली काय आत? विश्वास बसला ना तिचा?"

"बसला," मी म्हटलं.

पुन्हा नागपूर झालं. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर. शेवटच्यानं फक्त वसंताच्या खांद्यावर हात ठेवला. ऑफिसच्या लोकांनी समजूत घातली, ऑटो लावू, बसल्या जागी काहीतरी काम देऊ. वसंता सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि एवढंच म्हणायचा, "सामान नाई व्हायचं मले." आधी रजा टाकली. मग ती रजा संपली, आणि त्याच्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन आलं. मी मान वर केली की समोर ते मशीन असतं. दिवसभर हिरवा उजेड पाडत इकडून तिकडे जात असतं, कुणाचं तरी काहीतरी बघत.

मी अजून सायकलवरच जातो. तोंड बंद असतं. बायको म्हणते, तुम्ही आजकाल घरीही कमी बोलता. डॉक्टरला दाखवू का? चौकात कुणाचीही घंटी मागून वाजली की मी बोलून जातो, "हाव, चल, गाय आहे." मागून येणारा पोरगा घाबरून पुढं निघून जातो. शहर आपल्या मापाला परत आलं आहे. दूधवाल्याच्या कॅनात दूध असतं. ऑटोच्या टपावर कुणी नसतं. खड्डा तेवढाच, गाय तेवढीच. कुणासाठी काही मोठं करायचं नसलं की हे गाव किती लहान आहे, ते मला या वर्षभरात कळलं.

परवा ऑफिसला जाताना बोरगावकडे वळलो. बरेच दिवस टाळलं होतं. जाऊन काय बोलायचं, हा प्रश्न मला पडेल असं कधी वाटलं नव्हतं. फाटकापाशीच वहिनी भेटल्या. आतून चाक फिरल्याचा आवाज येत होता.

"रोज ऑफिसच्या टायमाले बसते हे," वहिनी म्हणाल्या. "आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हणते, चक्कर येईन, पडान. आइकत नाई. तुमी तरी सांगा, भाऊजी."

अंगणात काळी सायकल स्टँडवर लावलेली. वसंता सीटवर ताठ बसून पेडल मारत होता. मागचं चाक हवेत गरगरत होतं. हँडलला डब्याची पिशवी लटकत होती, आणि ती जड दिसत होती. डबा रोज भरलेला असतो, दुपारी तो अंगणातच बसून खातो, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

"कोण, मध्या?" तो पेडल न थांबवता म्हणाला. "तुई चेन कोरडी पडली बे. तेल टाक."

"कुठवर पोचला?" मी उसनं हसून विचारलं.

"पुलावर. चढ लागून राह्यला." त्याला खरंच दम लागला होता. कपाळावर घाम होता.

मी काय करावं ते न कळून कुंपणापाशी उभा राहिलो. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून कापसाची ट्रॉली ओढत ट्रॅक्टर आला. आणि मी इतके दिवस मिटून ठेवलेलं तोंड माझ्या परवानगीशिवाय उघडलं.

"वसंता, डावीकडून ट्रॅक्टर!"

त्यानं झपकन हँडल उजवीकडे मारलं. आख्खं अंग झोकून दिलं. स्टँड कलंडला, वहिनी किंचाळल्या, आणि मी धावत जाऊन सायकलीसकट त्याला छातीवर धरला. ट्रॅक्टर धडधडत निघून गेला. कुंपणावरून दोन-चार पुंजके अंगणात तरंगत आले.

मी सायकल सरळ केली. त्याच्या दोन्ही मुठी अजून ब्रेकवर होत्या. तोंडावर हसू होतं, कुठून तरी खूप लांबून आलेलं, आणि ते तिथं टिकावं म्हणून तो धडपडत होता.

"होता ना खरंच?" त्यानं विचारलं.

"होता."

"केवढा?"

मी रस्त्याकडे पाहिलं. ट्रॅक्टर वळणापाशी गेला होता. देवळाएवढा म्हणता आलं असतं. डोंगराएवढा म्हणता आलं असतं. वहिनी त्याच्या सायकलचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत होत्या.

"ट्रॅक्टरएवढा," मी म्हणालो.

वसंतानं मान हलवली, आणि दोन्ही पाय पेडलवरून खाली घेतले.